गगनरावांची दुसरी बाटली

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. बांधकामावर सगळे त्यांना गगनराव म्हणत. सकाळी सातच्या ठोक्याला ते उंच क्रेनची शिडी चढायला लागत, एक वाजता जेवायला उतरत आणि दोन ते सहा पुन्हा वर. एकतीस वर्षं हेच. पहिली सहा मजली इमारत उभी राहिली तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. आता बाविसाव्या मजल्याचं काम चाललं होतं आणि त्या मुलीची मुलगी शाळेत जात होती.

क्रेनच्या केबिनमध्ये एक खुर्ची, दोन दांडे, एक वॉकीटॉकी आणि चारी बाजूंना काच असते. संडास नसतो. घाई झालीच तर दोनशे चाळीस पायऱ्या उतरायच्या, आणि तोवर खाली काँक्रीटची गाडी खोळंबलेली, वीस माणसं कमरेवर हात ठेवून वर बघत उभी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी गगनरावांवर हा प्रसंग आला होता. ते जमिनीवर पोचण्याआधीच जे व्हायचं ते शिडीवर झालं. लोक त्या दिवशी हसले आणि पुढे महिनाभर हसत राहिले.

त्यानंतर त्यांनी पोटाला शिस्त लावली. उठल्यावर अर्धा कप चहा, आणि एक वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उन्हाने काच तापली, जीभ टाळ्याला चिकटली, तरी नाही. दुसरे चालक सोबत रिकामी बाटली घेऊन चढत. गगनरावांना ते हलकं वाटे.

"माझं पोट माझं ऐकतं," ते घरी ऐटीत सांगत.

"घरात तेवढं एकच ऐकतं, म्हणून सगळी हुकमत त्याच्यावर," शिवणयंत्रावरून मान वर न करता बायको म्हणे. ती लोकांचे कपडे उसवून सैल-घट्ट करून द्यायची, आणि तिची जीभही तिच्या कात्रीइतकीच चालायची.

अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडी जड व्हायला लागली. आधी शंभराव्या पायरीवर थांबावं लागे, मग साठाव्या. गगनरावांनी वयावर ढकललं. बायकोने न विचारता रक्त तपासायला नेलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यावर आलं होतं.

"हे कुठेतरी जातंय," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं, पण रोज. घरात कुणाला आतड्याचं काही?"

बायकोने उत्तर दिलं, "यांचे मोठे भाऊ. चार वर्षं झाली जाऊन."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. लोहाच्या गोळ्या लिहून झाल्या, आणि खाली एक ओळ आली: मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.

दुर्बीण विभागातल्या सिस्टरने मोठ्या अक्षरांतला कागद हातात दिला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. तीन दिवस बिया, साली, पालेभाज्या बंद. आदल्या दिवशी नुसतं पातळ. संध्याकाळी सहाला पहिली बाटली, एक लिटर. पहाटे पाचला दुसरी, तीही एक लिटर. नऊला तपासणी.

"दुसरी चुकवायची नाही," ती म्हणाली. "पहिली रस्ता मोकळा करते, दुसरी धुऊन काढते. रस्ता धुतला नाही तर आम्हाला काही दिसत नाही."

पहिली बाटली गगनरावांनी प्यायली. खारट, कोमट, चिकट. आठ वाजेपर्यंत एकतीस वर्षांची शिस्त पार कोसळली. बाथरूमच्या दाराला आतून कडी घालून ते बसले होते, घाम फुटला होता, आणि आपलंच पोट आपल्याला विचारत नाही याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

पहाटे पाचला दुसरी बाटली समोर आली. बायको आतल्या खोलीत त्यांचे कपडे पिशवीत भरत होती. हॉस्पिटलपर्यंत एक तासाची बस. सिग्नल, गर्दी, मधे कुठे उतरायची सोय नाही. गगनरावांना ती शिडी आठवली आणि खालचे हसणारे चेहरे आठवले. त्यांनी दोन घोट घेतले. बाकीची बाटली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि बाटली विसळून पालथी घातली. कामावर चढायच्या आधी घशाखाली काही उतरू द्यायचं नाही, हे त्यांच्या हातांना इतकं सवयीचं होतं की ओतताना ते थरथरलेसुद्धा नाहीत.

"संपवलीत? शाब्बास!" बायको म्हणाली. गगनरावांनी मान हलवली.

तपासणीच्या टेबलावर सिस्टरने विचारलं, "दोन्ही पूर्ण घेतल्या ना?"

"दोन्ही."

गुंगी उतरली तेव्हा दुर्बीण विभागातल्या डॉक्टर कॉटपाशी उभ्या होत्या. चाळिशीतल्या, शांत आवाजाच्या बाई. "डावीकडचा भाग पाहिला, तो चांगला आहे," त्या म्हणाल्या. "उजवीकडे मात्र काहीच पाहता आलं नाही. साफ झालेलं नव्हतं. तपासणी अपुरी राहिली. तुमचं रक्त ज्या तऱ्हेने कमी होतंय ते बघता मला उजवी बाजूच बघायचीय. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा या. टाळू नका."

बायको तेव्हा खाली औषधांच्या खिडकीशी होती. वर येऊन तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"ठीक आहे म्हणाल्या."

"सगळं?"

"सगळं."

तिने खुर्चीत बसून डोळ्यांना पदर लावला. आता खरं सांगावं असं गगनरावांच्या मनात आलं. पण इतक्या दिवसांनी तिचा चेहरा सैल पडलेला बघून त्यांचा धीर झाला नाही, आणि मग तो दिवस गेलाच.

रिपोर्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी शर्टाच्या आत घालून वर नेला आणि खुर्चीखालच्या हत्यारांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली ठेवला. सत्तर मीटर उंचीवर कोण येतंय शोधायला? पण ज्याच्यापासून लपवायचा तो माणूस रोज नेमका त्याच खुर्चीत बसायचा. बूट पेटीला लागला की ते पाय आखडून घ्यायचे. गगनरावांना सगळं कळत होतं, ते काही अडाणी नव्हते. न बघितलेल्या उजव्या बाजूत काहीतरी आहे असंही त्यांना वाटे आणि काहीच नाही असंही वाटे. या दोन्हींच्या मधे राहता येत होतं. पुन्हा गेलं की मधली जागा संपणार. शिवाय आपण तोंडावर खोटं बोललो हे त्या बाईंनी आता आतून पाहिलं होतं. पुन्हा त्याच टेबलावर कुठल्या तोंडाने चढायचं?

सिस्टरचा फोन आला. त्यांनी घेतला नाही. आठवड्याने पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी पाचवा आठवडा लागला होता. जेवणाच्या सुट्टीत नंबर न बघता त्यांनी फोन कानाला लावला.

"सापडलात एकदाचे!" सिस्टर म्हणाली. "दुर्बीण विभागातून बोलतेय. जेवताय का?"

"हो."

"मग जेवा, बोलायचं काम मी करते. तुमची तपासणी अर्धवट राहिलीय. तारीख धरून ठेवू का?"

"बघतो. जरा काम आटोपलं की."

"कधी आटोपतंय?"

"सहा-सात महिने. इमारत पुरी झाली की."

"तुमच्यासाठी इमारत थांबत नाही, तसंच आतलंही थांबत नाही, काका. एक सांगा. दुसरी बाटली कितीला घेतलीत?"

"पाचला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"काका, मी एकोणीस वर्षं हेच बघतेय. दुसरी बाटली पोटात गेली की तिच्या खुणा दिसतात. रागवायला फोन केलेला नाही. दहा जण येतात त्यांत दोघा-तिघांचं असंच होतं. कुणाला ओकारी होते, कुणी झाडाच्या कुंडीत ओततं. एका आजींनी तर अर्धी बाटली शेजारणीला दिली होती, तिचीही तक्रार जाईल म्हणून."

गगनरावांना हसू फुटलं. घास घशात अडकला.

"हसलात ना? बरं झालं. आता नेमकं काय नडलं तेवढं सांगा. जे नडलं ते काढता येतं. तुम्ही सांगितलंच नाहीत तर मी काय काढू?"

शिडी त्यांच्या ओठांवर आली होती. पण शेजारी त्यांचा जोडीदार पोपट डबा उघडून बसला होता, आणि त्याच्यासमोर हे कसं बोलायचं? "भोंगा झाला," ते म्हणाले आणि फोन ठेवला. भोंग्याला अजून वीस मिनिटं होती.

पोपट म्हणजे त्यांचा खालचा सिग्नलवाला. दोघं अठरा वर्षं एकत्र होते. इमारत उंच झाली की वरून क्रेनच्या दोराचा आकडा दिसत नाही, मधे मजले येतात. तेव्हा क्रेनवाल्याचे डोळे म्हणजे वॉकीटॉकीवरचा आवाज. ओझं हलत असेपर्यंत खालच्याने बोलत राहायचं, अगदी अखंड. आवाज तुटला की वरच्याने जिथे असेल तिथे थांबायचं. एवढा एकच नियम, पण त्याला अपवाद नाही. पोपट इतका बोलायचा की ओझं नसलं तरी थांबत नसे.

फोननंतरच्या मंगळवारी, साडेदहाच्या सुमारास, दोन टन लोखंडी सळया अठराव्या मजल्याच्या आतल्या बाजूला उतरवायच्या होत्या.

"घे डावीकडे... डावीकडे... हळू... आता खाली, खाली, खाली, तुझ्या सुनेने दूध उतू घालवल्यासारखं नको, हळू..."

"मला सून नाही."

"म्हणून तर बोलतोय. खाली... खाली... अजून दोन मीटर... अजून..."

आणि पोपटाचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा झाला. शब्द वाजत होते, पण अर्थ लागत नव्हता. काचेच्या कडा काळ्या पडत आत सरकू लागल्या. गगनरावांना आपले हात दांड्यांवर दिसत होते आणि ते दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत असं वाटत होतं. आवाज नाही म्हणजे थांबायचं. एवढंच कुठूनतरी आठवलं. त्यांनी दोन्ही हात उचलले. क्रेन जागच्या जागी थांबली, आणि दोन टन लोखंड न दिसणाऱ्या माणसांच्या डोक्यावर मागेपुढे झुलत राहिलं.

"ए गगनराव! झोपलास काय? ... गगनराव? ... अरे बोल! माझी माणसं खाली आहेत!"

खुर्चीच्या हाताला घट्ट धरून ते श्वास मोजत बसले. काळं हळूहळू मागे हटलं. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग त्यांनी तोंड उघडलं. "माणसं बाजूला घे. सगळी. मग सांग."

ओझं टेकलं तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पेटी उघडली, ग्रीसचे डाग पडलेला कागद खिशात घातला आणि दोनशे चाळीस पायऱ्या, दर वीस पायऱ्यांना थांबत, उतरले.

खाली पोपट गप्प उभा होता. अठरा वर्षांत त्याला असा कुणी पाहिला नव्हता. "तोंड बघ आपलं," शेवटी तो म्हणाला. "चुना फासल्यासारखं झालंय."

"खाली किती होते?"

"चौघं. चौघांची मिळून सात पोरं आहेत."

गगनराव बाकावर बसले. "मी आजपासून वर जात नाही. साहेबांना सांग, आजारी आहे. खोटं नाही सांगत, खरंच आहे."

घरी ते दुपारी पोचले. बायको यंत्रावर बसली होती. अवेळी आलेलं बघून तिचा पाय थांबला.

"ती दुसरी बाटली मी प्यायलो नव्हतो," दारातच उभं राहून ते म्हणाले.

"कसली बाटली?"

"तपासणीची. बेसिनमध्ये ओतली."

"आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटले, आमच्यांनी एक थेंब मागे ठेवला नाही म्हणून! बेसिनला पाजलंत? बरोबर, तरीच महिनाभर तुंबलं नाही ते." मग तिचा आवाज खाली आला. "ठीक आहे म्हणाल्या होत्या ना त्या बाई?"

"नव्हत्या म्हणाल्या. उजवी बाजू दिसलीच नाही. पुन्हा या म्हणाल्या."

"केव्हा?"

"दोन-तीन आठवड्यांत."

तिने बोटांवर आठवडे मोजले. बोटं सहाव्यावर थांबली. मग ती ओरडेल, रडेल असं त्यांना वाटलं होतं. तिने समोरची पँट उलटी केली, सरळ केली आणि मांडीवर ठेवली.

"तुमच्या दादांच्या पँटी मीच लहान करून देत होते," ती म्हणाली. "वहिनींना सांगवत नव्हतं, म्हणून मलाच. चार वेळा. शेवटच्या वेळी दोन्ही खिसे मागे एकमेकांना येऊन चिकटले. अजून मला ती शिवण दिसते. तुमच्या मी करणार नाही. ऐकलंत? मी एकही टाका घालणार नाही."

गगनरावांनी खिशातून कागद काढून तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या देखत फोन लावला.

"सिस्टर, मी बोलतोय. बस," ते म्हणाले.

"बस म्हणजे?"

"नडलं ते सांगतोय. एक तासाची बस आहे. वाटेत जर... म्हणजे लोकांसमोर... म्हणून ओतली."

"एवढंच ना?" सिस्टर म्हणाली. "मग चूक माझीही आहे. घर किती लांब ते मी विचारलं नाही आणि सकाळी नऊची वेळ दिली. आता दुपारी दोनची देते. दुसरी बाटली सातला सुरू करा, साडेआठला संपवा. अकरापर्यंत पोट थंडावेल, मग बसा बसमध्ये. जोडीला एक जास्तीचा पायजमा आणि कापडाची घडी ठेवा. लागत नाही, पण मनाला बरं. आणि लोहाच्या गोळ्या आजपासून बंद, त्यांनी आत सगळं काळं होतं. आठ दिवसांनी या. आणखी एक, काका, त्या आठ दिवसांत भरपूर पाणी प्यायचं. सकाळीसुद्धा."

ते आठ दिवस गगनरावांनी पोटावर हात ठेवून काढले. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, बोटांनी दाबून बघायचे. काही हाताला लागलं तर घाबरायचे, नाही लागलं तरी घाबरायचे. बायको ताटातल्या प्रत्येक फोडीची साल काढायची आणि त्यांचा हात बाजूला करायची.

दुसऱ्या बाटलीच्या वेळी ती पाट घेऊन बाथरूमच्या दाराबाहेर बसली. दर दहा मिनिटांनी एक पेला आत द्यायची.

"कसं आहे?"

"विचारू नकोस."

"विचारणार. रंग?"

"पिवळट."

"आरपार दिसतं का?"

"दिसतं," गगनराव आतून म्हणाले. "आता लपायला काही उरलं नाही."

बसमध्ये काही झालं नाही. ते खिडकीची दांडी धरून बसले होते, एवढंच.

टेबलावर त्यांनी गुंगीचं औषध कमी मागितलं. त्यांना बघायचं होतं. पडद्यावर गुलाबी, ओला, वळणावळणाचा बोगदा सरकत होता. डॉक्टर बोलत होत्या, "आज छान आहे... छान... हे वळण... आता उजवीकडे येतोय..." आणि मग त्या बोलायच्या थांबल्या.

सिस्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"बोला," ते पुटपुटले. "थांबू नका. बोला."

"सापडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "चपटी गाठ आहे, भिंतीला धरून बसलीय. इथूनच रक्त जातंय. काढते. वेळ लागेल. हलू नका."

पाऊण तास लागला. गाठ तुकड्यातुकड्याने निघाली. बाहेर आल्यावर गगनरावांनी एकच विचारलं, "हे त्या दिवशी होतं?"

"होतंच. मळाखाली झाकलेलं होतं." काय आहे ते तुकडे तपासल्यावर कळेल, दहा दिवसांनी फोन येईल, असं त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. गगनरावांनी नंबर पाहिला. त्यांनी फोन उचलला आणि सिस्टरचा आवाज ऐकल्याबरोबर म्हणाले, "मला नका सांगू. मागच्या वेळी मी हिला खोटं सांगितलं होतं. आधी हिला सांगा." आणि फोन बायकोच्या हातात दिला.

ती ऐकत होती. "हो," म्हणाली. मग बराच वेळ नुसतं "हं... हं..." हाताशी पेन नव्हतं, तिने शिवणाचा खडू उचलला आणि यंत्राच्या फळीवर काहीतरी लिहिलं. गगनरावांना तिच्या चेहऱ्यावरून काही उमगेना. पस्तीस वर्षं बघितलेला चेहरा आणि आज त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी फळीकडे पाहिलं. तिथे नुसता सहाचा आकडा होता. सहा काय? महिने? ते भिंत धरून उभे राहिले.

तिने फोन ठेवला.

"कर्करोग नाही," ती म्हणाली.

गगनराव हलले नाहीत.

"पण गाठ त्याच वाटेला लागली होती म्हणे. पार कडेला आलेली. तुकड्यांत काढलीय, म्हणून मुळाशी काही राहिलंय का ते सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. दोन्ही बाटल्या."

ते जमिनीवरच बसले.

"मी वरच बसून राहिलो असतो," ते म्हणाले. "ती चक्कर आली नसती तर मी त्या कागदावर पाय ठेवून, इमारत होईस्तोवर..."

"पुढचं बोलू नका," बायको म्हणाली. तिने समोरची गिऱ्हाइकाची पँट सुईखाली सरकवली आणि यंत्र सुरू केलं. सुईत दोरा नव्हता. ते दोघांनाही दिसत होतं, आणि ती बराच वेळ तशीच शिवत राहिली.